जिन्याखालचं लर्निंग रिसोर्स सेंटर

माझ्या दुकानात पंचिंग मशीनखाली एक ट्रे असतो. दिवसभर कागदांना भोकं पाडली की त्यात पांढऱ्या गोल टिकल्या साठतात. संध्याकाळी ट्रे रिकामा करायला गेलो की निम्म्या टिकल्या चपलेत आणि निम्म्या केसांत! परवा एक आमटीतसुद्धा निघाली. बिझनेस स्कूलच्या पोरांचे किस्से माझ्याकडे असेच साठत गेले. मी काही ते जमवायला बसलो नव्हतो. मी आपला भोकं पाडत होतो.

आधी थोडं माझ्याविषयी. आम्ही मूळचे विट्याकडचे शिंदे. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात गावोगाव पांगलेली आहेत. तसे माझे वडील लखनौला चौक नावाच्या जुन्या बाजारात येऊन भट्टी लावून बसले. मला त्या धुराचा खोकला यायचा, म्हणून दहावीनंतर मी बाइंडिंगकडे वळलो. शिकवायला कोणी नव्हतं. जुनी पुस्तकं उसवायची, कशी शिवलीत ते बघायचं आणि परत शिवायची. पुढे कॉम्प्युटर, प्रिंटरही असेच उघडून उघडून शिकलो. बारा वर्षांपूर्वी कानपूर रोडकडच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात लायब्ररीच्या जिन्याखालची खोली मिळाली. कॉलेजचं नाव सांगत नाही, मला अजून त्याच रस्त्यावर राहायचंय.

पुस्तकं, प्रिंट, फोटोस्टेट, बाइंडिंग, चार्जर, पेन ड्राइव्ह, सगळं त्या एका खोलीत. नीट उभा राहिलो तर डोकं वरच्या पायरीला लागायचं. कॉलेजच्या माहितीपुस्तकात मात्र माझ्या दुकानाचा मोठा फोटो होता आणि खाली छापलं होतं, ‘लर्निंग रिसोर्स सेंटर, विस्तारित कक्ष’. फोटो काढायच्या दिवशी मला बाहेर उभं केलं होतं.

गेल्या वर्षी ती खोली राहते की जाते, असा प्रसंग आला. त्या एका वर्षातलेच हे किस्से.

*

सुरुवात अशी झाली. आमचे डायरेक्टर साहेब कुठल्याशा कॉन्फरन्सला गेले आणि परत आले ते ‘पेपरलेस कॅम्पस’ घेऊनच. सगळं डिजिटल होणार, लायब्ररीत डेटाबेस येणार, प्रत्येक मुलाला टॅबलेट मिळणार. आणि जिन्याखाली एक स्मार्ट हब बसणार. म्हणजे मशीन. पोरांनी यायचं, कार्ड लावायचं, हवं ते घ्यायचं. जागा जिन्याखालचीच का? तर इंटरनेटची मोठी केबल तिथूनच जाते.

साहेब माणूस सौजन्याचा. मला बोलावून चहा पाजला. म्हणाले, शिंदेजी, अजून काहीच ठरलेलं नाही, वर्षअखेरीस कमिटी बघेल.

मला काळजी एकच. आमच्या कॉलेजात दहा ते पाच गेटबाहेर जायला मुलांना गेटपास लागतो, आणि गेटपासवर तीन सह्या. दुकान आत आहे तोवर दुकान. गेटबाहेर गेलं की नुसता पत्रा.

तेवढ्यात साहेबांचा शिपाई आला. पेपरलेस कॅम्पसची नोटीस काढायची होती. दोनशे प्रती, रंगीत!

*

लायब्रेरियन मिश्राजी हे माझे बारा वर्षांचे शेजारी. अस्सल लखनवी माणूस, कुत्र्यालाही ‘आप ज़रा हटिए’ म्हणतील. त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, पण माऊसवर मिसेस मिश्रांनी विणलेली लोकरीची टोपी कायम असायची.

डेटाबेस आला. जगभरातल्या कंपन्यांची कुंडली त्यात. प्रत्येक मुलाला वेगळा लॉगिन दिला. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, अशी अट. तीन दिवसांत सगळे आपापला पासवर्ड विसरले. नवीन हवा तर आयटी विभागात अर्ज द्यायचा, आणि आयटी विभाग फक्त मंगळवारी बसायचा. मग सगळ्या बॅचनं मिळून मिश्राजींचा लॉगिन वापरायला घेतला. कोणीतरी तो माझ्या शटरवर चिकटवूनही ठेवला, म्हणजे कोणाची गैरसोय नको.

दोन महिन्यांनी त्या डेटाबेसवाल्या कंपनीचं पत्र आलं. आमच्या असं लक्षात आलंय की आपले श्री. मिश्रा हे उत्तर भारतातले आमचे सर्वांत अभ्यासू वाचक आहेत. ते दिवसाला शेकडो कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतात. त्यांचा सन्मान करण्याची आमची इच्छा आहे.

आता काय सांगणार? साहेबांना तर आनंदच झाला. सर्टिफिकेट आलं, फ्रेम झाली. वर ऑनलाइन सत्कार. मिश्राजी कोट घालून कॅमेऱ्यासमोर बसले. पलीकडच्या बाईंनी विचारलं, सर, एवढे अहवाल आपण रोज वाचता तरी कसे?

मिश्राजी नम्रपणे म्हणाले, “बस, नज़र डाल लेते हैं.”

माऊसची टोपी त्या दिवशी धुवायला दिली होती म्हणून बरं.

*

टॅबलेटचं तर विचारूच नका. सगळी पुस्तकं त्यात भरलेली. आता पोरांना दुकानाची गरजच नाही, असं मला तीन जणांनी येऊन सांगितलं. आठवड्याच्या आत तीच पोरं दारात. “अंकल, टॅबलेटवाली किताब छाप दीजिए.” स्क्रीनवर वाचून म्हणे डोक्यात जात नाही, पेनानं अधोरेखित करता येत नाही, आणि डोक्याखाली घेऊन झोपता येत नाही.

पण त्या पुस्तकांना कुलूप होतं, प्रिंट निघत नव्हती. मी म्हटलं, नाही होणार, आणि कुलूप फोडायचे धंदे मी करत नाही. पोरांनी तोड काढली. टॅबलेट वर्गात बाकावर ठेवायचा, दुसऱ्यानं मोबाइलनं पानापानाचा फोटो काढायचा, आणि त्या फोटोंच्या प्रिंट माझ्याकडून घ्यायच्या. मी म्हटलं, अरे, ही पण चोरीच झाली. तर म्हणाले, अंकल, आप तो फोटो छाप रहे हैं. मी छापल्या. दुकान टिकवायचं होतं, उगाच साधूपणा कशाला सांगू!

सहामाही परीक्षा झाली. जोशी मॅडम तणतणत दुकानात आल्या. मॅडम पुण्याच्या. नवरा फौजेत, पोस्टिंग लखनौ कॅन्टोन्मेंटला, म्हणून त्या आमच्याकडे शिकवायला. अख्ख्या कॉलेजात माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच. हातात उत्तरपत्रिका होती. डिमांड कर्व्ह काढलेला, म्हणजे किंमत वाढली की मागणी कशी घसरते ती रेघ. पण रेघ मधेच तुटलेली, आडवी पांढरी पट्टी सोडून पुढे चालू.

“शिंदे, हे तुमच्या दुकानातून आलंय का? अकरा पोरांनी अस्संच काढलंय.”

मी चष्मा लावून नीट बघितलं. “हो मॅडम. ही टॅबलेटच्या काचेत चमकलेली ट्यूबलाइट आहे. बी ब्लॉक, खोली नंबर चार.”

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “एकानं तिला ‘मार्केट गॅप’ असं नाव देऊन त्यावर दीड पान लिहिलंय हो.”

“मग किती दिलेत?”

“न वाचता सात दिले होते. आता काय करू सांगा.”

*

मग आलं सिम्युलेशन. म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटी कंपनी काढायची, खोटा माल विकायचा आणि खरे मार्क घ्यायचे. एका गटानं दशहरी आंब्याची कंपनी काढली. दशहरीचं माहेर मलिहाबाद इथून तासाभराच्या आत, तेव्हा विषय योग्यच. गटाचा पुढारी पार्थ. गोरखपूरचा पोरगा, हुशार, बोलण्यात अदब, आणि एकदा बोलायला लागला की मधे श्वास नाही.

त्याचा रिपोर्ट बांधताना मी सहज पान उलटलं. बघतो तर यांचा सगळ्यात जास्त खप डिसेंबरात! मी म्हटलं, अरे बाबा, डिसेंबरात दशहरी आणलीस कुठून?

“अंकल, सॉफ्टवेयर में सीज़न का ऑप्शन ही नहीं है.”

मला राहवेना. एका रविवारी पार्थला आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन मलिहाबादला गेलो. तिथले एक खाँसाहेब माझे जुने ओळखीचे, त्यांच्या बागेतल्या आंब्याच्या पेट्यांची लेबलं मी छापतो. पोरांनी त्यांना टॅबलेटवर आपली बाग दाखवली. झाडं हिरवीगार, बाराही महिने लगडलेली. खाँसाहेबांनी दोन्ही हातांनी अदबीनं टॅबलेट धरला, बराच वेळ पाहिला.

“माशाअल्लाह,” म्हणाले. “बेटा, इसमें कीड़ा नहीं लगता?”

पार्थ म्हणाला, नहीं चचा.

“बंदर?”

“नहीं.”

“भाई-भाई में बँटवारा?”

पार्थ मित्रांकडे बघायला लागला.

खाँसाहेबांनी टॅबलेट परत दिला आणि मला म्हणाले, “शिंदे साहब, पूछिए ना, इसमें एक-आध बीघा हमें मिल जाए.”

त्या गटाला सिम्युलेशनमध्ये पहिला नंबर मिळाला.

*

वर्षाच्या शेवटी प्रोजेक्टची गर्दी. नियम असा की रिपोर्ट पक्क्या बांधणीत हवा आणि पुठ्ठ्यावर नाव सोनेरी अक्षरात. पेपरलेस कॅम्पसमध्येही हा नियम कोणाला हलवता आला नाही. घराण्यात सोन्याशी माझा एवढाच काय तो संबंध उरलाय, त्यामुळे हे काम मी जीव लावून करतो.

त्या वर्षी रिपोर्ट लिहायला एआय होतं. पोरं सकाळी विषय घ्यायची आणि दुपारी बाइंडिंगला यायची. शाई वाळायची बाकी असायची, आणि विचार करायचा तर राहूनच गेलेला असायचा. एका मुलानं पुठ्ठ्याचा मजकूर दिला. वर विषय, खाली त्याचं नाव, आणि त्याखाली ‘मार्गदर्शक : यहाँ अपने गाइड का नाम लिखें’.

मी त्याला दाखवलं. म्हटलं, हे बदलायचं राहिलंय.

तो म्हणाला, “नहीं अंकल, सर ने फॉर्मेट बदलने को सख़्त मना किया है.”

मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला वेळ नव्हता, त्याच्यामागे रांगेत चाळीस पोरं उभी होती. उठवलं तसंच, सोनेरी.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पुठ्ठा वाचला आणि डायरेक्टर साहेबांसमोर त्या मुलाला फैलावर घेतलं. तुझ्या गाइडनं हे बघितलं तरी का? मुलगा शांतपणे म्हणाला, सर, आतलं पान बघा. परीक्षकांनी आतलं पान उघडलं. तिथेही तेच छापलेलं, ‘यहाँ अपने गाइड का नाम लिखें’.

खाली गाइडची सही होती. तारखेसकट.

*

माझ्या खोलीचा निकाल जवळ आला. जोशी मॅडमनी साहेबांना सुचवलं, नुसती कमिटी बसवण्यापेक्षा मुलांनाच अभ्यासू द्या. शिंदेंच्या दुकानाचीच केस स्टडी करू. दुकान ठेवायचं की हब बसवायचं, ते आकड्यांनिशी सांगतील. साहेबांना ते फारच आवडलं. मॅडम मला म्हणाल्या, “शिंदे, मी तुमच्यासाठीच केलंय हे. महिनाभर पोरं दुकानात बसली ना, की त्यांना कळेल दुकान काय करतं ते.”

मॅडमचा हेतू सोन्यासारखा. पण महिनाभरात पोरं बसली एकूण पाऊण तास.

काम पार्थच्या गटाकडे आलं. पहिल्या दिवशी पार्थनं विचारलं, “अंकल, आपका वैल्यू प्रपोज़िशन क्या है?” म्हणजे लोकांनी तुमच्याकडेच का यावं? मी म्हटलं, लाईट गेली तरी माझा स्टेपलर चालतो. तो हसला, पण लिहून घेतलं नाही.

दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाइकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. मी रोज वाट बघायचो. कोणी आलं नाही. प्रश्नावल्या हॉस्टेलात बसून भरल्या गेल्या, आणि प्रश्नावलीही आदल्या वर्षीच्या बॅचची. त्या बॅचनं हज़रतगंजातल्या एका कॉफीच्या दुकानाचा अभ्यास केला होता. नाव तेवढं बदललं.

निष्कर्षांचं तेवढं पान आधी माझ्याकडे प्रिंटला आलं. निष्कर्ष असे : शिंदे यांच्याकडचं वातावरण तरुणांना आवडतं. बसायची सोय चांगली आहे. पार्किंगची अडचण आहे. कॉफी थोडी कडवट असली तरी बहुतेक ग्राहक पुन्हा येऊ इच्छितात.

घरी हे वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “पोरांना कॉफी पाजता होय? मला तर रविवारचा चहासुद्धा स्वतः करून घ्यावा लागतो.”

*

प्रेझेंटेशनचा दिवस. अकराला सेमिनार हॉलमध्ये सगळे जमायचे होते. मला ‘स्टेकहोल्डर’ म्हणून बोलावणं होतं, पहिल्या रांगेत पाण्याच्या बाटलीसकट.

दहा वाजता पार्थ जिन्यावरून धावत खाली आला. त्याचं सगळं प्रेझेंटेशन क्लाउडवर, आणि आयटी विभागानं आदल्याच दिवशी सुरक्षेसाठी क्लाउड बंद करून ठेवलेला. तो दिवस मंगळवार नव्हता. मोबाइलमध्ये एक प्रत होती, पण सुरक्षेपायीच हॉलचा कॉम्प्युटर ना मोबाइल घेईना, ना पेन ड्राइव्ह.

“अंकल, तीस कॉपी. स्पाइरल. प्लीज़.”

मशीन लावलं. कागद यायला लागले, तसे मी लावत गेलो. लावताना नजर पडतेच. शेवटचं पान, शिफारस : दुकान तीस दिवसांत हटवावे, त्या जागी स्वयंसेवा स्मार्ट हब बसवावे.

खोटं कशाला बोलू, हात थांबला. तीस गठ्ठे माझ्यासमोर. प्रत्येकातलं एक पान काढलं तर रिपोर्ट ‘ग्राहक पुन्हा येऊ इच्छितात’ इथे संपत होता. पार्थ बाहेर पाठ करत फेऱ्या मारत होता. तेवढ्यात जोशी मॅडम दारात आल्या. वरचा गठ्ठा उचलून त्यांनी शेवटचं पान वाचलं. त्यांचा चेहरा पडला.

मग हळूच म्हणाल्या, “शिंदे, सगळी पानं लावताय ना?”

मी म्हटलं, “मोजून घ्या, मॅडम.”

त्यांनी मोजली नाहीत.

तीसच्या तीस मी बांधल्या. वर पारदर्शक कव्हर, खाली निळा पुठ्ठा, कडा सरळ. हॉलमध्ये वाटल्या. साहेबांनी प्रत हातात घेऊन उलटीसुलटी केली. म्हणाले, व्वा, काय फिनिशिंग आहे!

पार्थ बोलला मात्र फर्मास. शेवटी साहेबांनी मला विचारलं, शिंदेजी, काही प्रश्न? मी उभा राहिलो. म्हटलं, एवढंच विचारतो, मशीनमध्ये कागद अडकला तर काढणार कोण?

“अंकल, अटकेगा ही नहीं,” पार्थ म्हणाला. “स्लाइड नंबर नौ.”

टाळ्या पडल्या. हब मंजूर झालं.

*

मी खोली सोडली. गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची शेड घेतली. मिश्राजी पहिले काही दिवस दुपारी चहाला यायचे, मग ऊन वाढलं.

हब आलं. पांढरं, कपाटाएवढं. कार्ड लावायचं, मग मोबाइलवर ओटीपी येणार, तो टाकायचा, की प्रिंट. आता जिन्याखाली मोबाइलला रेंज नाही, हे मी कोणालाही सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही. पोरं कार्ड लावायची, ओटीपी आणायला बाहेर अंगणात धावायची, आणि परत येईपर्यंत मशीन म्हणायचं, वेळ संपली.

मग कॉलेजनं ठरवलं की हबपाशी एक माणूस बसवायचा. स्वयंसेवेला मदत करायला! पदाचं नाव ‘हब फॅसिलिटेटर’. मी साहेबांना भेटून म्हटलं, मी बसतो की. साहेबांनी पुन्हा चहा पाजला आणि जाहिरात दाखवली. शिक्षणाची अट : एमबीए.

जूनची दुपार. लू, म्हणजे इकडचा भाजून काढणारा वारा, चाललेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गेटमधून एक जण डोक्यावर फाइल धरून रस्ता ओलांडत आला. पार्थ. त्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं होतं, पण जॉइनिंगची तारीख दर महिन्याला पुढे जात होती, हे मला मिश्राजींकडून कळलं होतं. मी त्याला बसायला स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं फाइल माझ्यापुढे ठेवली. दहावीपासून एमबीएपर्यंतची सर्टिफिकेटं, आणि सगळ्यात वर कॉलेजचं ताजं पत्र, हब फॅसिलिटेटर म्हणून नेमणुकीचं.

“अंकल, सबकी दो-दो फोटोकॉपी चाहिए.”

मी म्हटलं, अरे, पण तू तर हबचाच माणूस. तिथे का नाही काढलीस?

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “हब में स्टाफ कार्ड लगता है, अंकल. कार्ड जॉइनिंग के बाद बनेगा. और जॉइनिंग के लिए फोटोकॉपी जमा करनी है.”

मी फाइल उघडली, टाचण्या काढल्या, मशीन गरम व्हायला लावलं.

“सिंगल साइड,” मी विचारलं, “या दोनों तरफ़?”